दीड फेरा आवळलेला स्क्रू

मी, जोतीराम केरबा कोळेकर, वय एकाहत्तर, धंदा वडापची, म्हणजे माणशी भाडं घेऊन प्रवासी नेणारी, गाडी चालवणे (आता बंद), राहणार कवठे महांकाळ, जिल्हा सांगली, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टर सुमंत यांनी दिला आहे. माझी पत्नी लीलाबाई हिचं मत वेगळं आहे, पण कायदा ते विचारात घेत नाही.

१. राहतं घर, मागची मोकळी जागा आणि बँकेतली शिल्लक लीलाबाईच्या नावे. ती असेपर्यंत कोणी वाटणीचा विषय काढू नये. तिच्या माघारी माझी दोन्ही मुलं, जयराज आणि अंकिता, यांना निम्मं निम्मं. अंकिताने हक्कसोड लिहून देऊ नये. भावाच्या मायेपोटी ती लगेच सही करेल, म्हणून इथे बजावतो.

२. पाने, जॅक आणि ग्रीसची पिचकारी नाथाजी मिस्त्रीला. माझी मोठी टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, त्याने तीन वर्षांपूर्वी नेली ती परत आणलेली नाही. तीही दिली असं समजावं. वस्तू घेणाऱ्याने साक्षीला उभं राहू नये असं वकील म्हणाले, म्हणून तो साक्षीदार नाही. त्याने रुसू नये.

३. गाडी. पांढरी मोठी व्हॅन, सन २००४ ची, कागदावर बारा सीट. वडापला किती बसवायचो ते इथे लिहीत नाही.

तिच्या स्टेअरिंगला चार बोटं प्ले होता. म्हणजे स्टेअरिंग चार बोटं फिरवलं तरी पुढची चाकं जागची हलायची नाहीत. मी वळण यायच्या आधीच हात टाकायचो. लोक म्हणायचे, जोतीरामचा हात लय साफ. त्या कौतुकाने मी फुगलो. पुढच्या रॉडचे सांधे झिजलेत, ते बदल, असं नाथाजी दर महिन्याला सांगायचा. मी ऐकलं नाही.

उलट दरवर्षी आरटीओच्या पासिंगच्या आदल्या दिवशी मी एक लबाडी करायचो. स्टेअरिंग बॉक्सवरचा स्क्रू दीड फेरा आवळायचा. प्ले गेल्यासारखा वाटतो आणि पासिंग होतं. पण मग स्टेअरिंग जड होतं, आणि वळण संपल्यावर आपोआप सरळ येत नाही, ओढून आणावं लागतं. म्हणून घरी आलो की स्क्रू पुन्हा सैल करायचा, हा माझा शिरस्ता.

२०१६ च्या चैत्रात तो सैल करायचा राहिला. दुसऱ्या दिवशी मला ताप होता, म्हणून बायकांना जत्रेला घेऊन जयराज गेला. मी त्याला काही सांगितलं नाही. वळणावर गाडी वळली ती वळतच राहिली आणि चरीत गेली. लीलाबाई पुढे बसली होती. तिचा उजवा हात मोडला, तो अजून खांद्याच्या वर जात नाही.

मी पोचलो तेव्हा सगळे जयराजला बोलत होते. मीही चारचौघांत म्हणालो, "तुला गाडीचा हातच न्हाई." मग पंचनाम्याची माणसं यायच्या आत, काय तुटलंय बघतो म्हणून गाडीखाली शिरलो आणि स्क्रू दीड फेरा सैल केला.

जयराजने पुन्हा स्टेअरिंगला हात लावला नाही. तो शिरवळला कारखान्यात आहे, ड्यूटीला बसने जातो. सणाला येतो, जेवतो, जातो. गाडी दुरुस्त करून मी मात्र पुढे सात वर्षं चालवली, त्याच प्लेसकट. याची मला लाज वाटते.

म्हणून जाहीर करतो की चूक माझी होती, जयराजची नव्हती. माझ्या दहाव्याला हे कलम वडापच्या थांब्यावर सर्वांसमोर मोठ्याने वाचावं.

४. वरचं कलम मी लीलाबाईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ आपला हात दाबत बसली. मग म्हणाली, "आवं, तुमी मेल्यावर त्यानं कुणाशी भांडायचं? आत्ता फोन लावा."

लावला. तोंडी सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून कलम तीन जसंच्या तसं वाचलं. जयराज म्हणाला, "आबा, तुमी गाडीखाली शिरला तवा मी चरीतच बसलो व्हतो. तुमच्या हातात पाना व्हता."

मग तू बोलला का नाहीस, असं मी विचारलं.

"चारचौघांत तुमास्नी कसं बोलू? म्हटलं, सांगशीला कवातरी."

नऊ वर्षं त्याने वाट बघितली. सबब दहाव्याची अट रद्द. रविवारी जयराज आला, आणि थांब्यावर मी स्वतः उभा राहून वाचलं. त्याच दुपारी नाथाजी आणि जयराजने मिळून रॉडचे सांधे नवे बसवले. गाडी जयराजला दिली आहे.

आज सह्यांसाठी त्याच गाडीतून आलो. लीलाबाई हट्टाने पुढेच बसली. कचेरीच्या वळणावर जयराजने हात सैल सोडला, आणि स्टेअरिंग आपोआप सरळ आलं.

वाचून, समजून सही केली.

जोतीराम केरबा कोळेकर

साक्षीदार: १. डॉ. सुमंत नारायण गाडगीळ
२. वीरधवल आनंदा जगताप, वडापचालक

कवठे महांकाळ, दि. १४ नोव्हेंबर २०२५