टाचणीखालचं पान

नारायण पेठ, १२ जानेवारी

चि. श्याम यास अनेक आशीर्वाद.

गोष्ट पोचली. भयकथेच्या शेवटच्या पानाला टाचणी लावून पाठवायची, दुसऱ्याने आधी आपला शेवट लिहून कळवायचा आणि मगच टाचणी काढायची, ही आपली लहानपणापासूनची रीत. या वेळी टाचणीची भोकं दुहेरी दिसली. म्हणजे माझ्याआधी तुझ्या सूनबाईंनी वाचली. तुला तिकडे घरातच वाचक मिळाली असेल, तर मला कशाला त्रास देतोस? मला राग आला आहे आणि तो लपवायचं माझं वय नाही.

गोष्टही तिच्याच आवडीची. भूत नाही, शाप नाही, माणूस कशाला घाबरला तेही कळत नाही. मिसळ मागवावी आणि नुसता पाव यावा. आपल्या जुन्या गोष्टींत विहिरीतली बाई निदान वर तरी यायची.

इथे आमचा सलिल आणि सून जेवताना मोबाइलमध्ये असतात. बोलायला तू होतास.

लोभ आहेच, तो वाटून टाकू नये.

तुझी,
मंदाताई

मांजरी, १९ जानेवारी

ती. ताईस सा. न.

स्वराली तुझी सवत नव्हे, भाचेसून आहे. ती म्हणते, दिसलेलं भूत गोष्टीतच राहतं, न दिसलेलं वाचणाऱ्याच्या घरी मुक्कामाला येतं. मला पटलं. तूही नव्या गोष्टी जरा सबुरीने वाच.

रागासकट लोभ असू दे.

तुझा,
श्याम

नारायण पेठ, २ फेब्रुवारी

चि. श्यामसुंदर यास आशीर्वाद.

पटलं म्हणतोस, छान. सोबत जुन्या मासिकातली एक गोष्ट उतरवून पाठवते आहे. लेखकाचं नाव नव्हतं. दोघांनी वेगवेगळे शेवट कळवा, म्हणजे कोणाची अक्कल किती ते दिसेल. स्वरालीस आशीर्वाद, हवे असल्यास.

मंदाकिनी

मांजरी, ९ फेब्रुवारी

ती. आत्यांना सा. न. वि. वि.

आशीर्वाद हवे आहेत.

बाबांनी शेवट लिहिला की, गोष्टीतल्या त्या घरात रोज एक ताट जास्त मांडलं जातं ते पूर्वी विहिरीत पडलेल्या सुनेचं. टाचणी काढली तर पान कोरं. ‘ताईने पान चुकवलं’ म्हणून ते अजून कुरकुरताहेत. मी मात्र गार पडले. त्या ताटावरची बाई मेलेलीच नाही ना? ती रोज जेवायला बसते आणि तिच्याशी कोणी बोलत नाही, एवढंच. त्यानंतर मला एकटीला जेवायला बसवेना.

आत्या, जुन्या मासिकातल्या गोष्टीत मुलगा जेवताना चार्जर शोधत नाही. गोष्ट तुमची आहे. बाबांना मी सांगितलेलं नाही. कुठलीही गोष्ट संपली की ते ‘ताई काय म्हणेल’ एवढंच बोलतात, त्याचा मला फार हेवा वाटायचा. आणखी लिहिली असेल तर मला पाठवाल?

तुमचा थोडा लोभ माझ्याही वाट्याला यावा.

आपली,
स्वराली

मांजरी, २३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

आज तुझं जाडजूड पाकीट आलं, वर नाव स्वरालीचं. ती ते घेऊन खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. विचारलं तर म्हणाली, आत्यांनी स्वतः लिहिलेलं आधी तिलाच वाचायला सांगितलं आहे. तू लिहितेस हे मला माझ्या सुनेकडून कळावं, हे फार लागलं.

मग तुझी ती पहिली गोष्ट पुन्हा काढून वाचली. ताटावर तू बसली होतीस आणि मी विहिरीतली बाई शोधत बसलो.

रविवारी जेवायला येतो. स्वरालीला आणणार नाही.

लोभ आधी माझ्यावर असावा.

तुझा,
श्याम