आईच्या कानातला सेल

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे? भाऊजींचा गुडघा? आम्ही सगळे मजेत (हे सवयीनं लिहिलंय, सोडून दे). तिकडे परदेशात थंडीत उभं राहून तू मोठ्या साहेबांच्या चित्राखाली 'यांच्यावर निर्बंध घाला' लिहिलेला फलक धरला होतास, तो फोटो बाबा दुकानात येईल त्याला दाखवायचे. आधी फोटो, मग त्याचं बंद पडलेलं घड्याळ.

निर्बंध आले, बाहेरचा माल यायचा बंद झाला. आता मोठे साहेब वर्षभरात घरी बसणार, असा दुकानातल्या बाकाचा अंदाज होता. (आठवतो ना तो बाक? साहेबांविरुद्धचा गावातला अख्खा पक्ष त्यावर मावायचा, औषधवाला तेवढा कडेला लटकायचा.) झालं भलतंच. बाहेरून माल आणायची चोरवाट एकट्या साहेबांच्या जावयाला ठाऊक, आणि तो माल मिळतो फक्त त्यांच्या पक्षाच्या कचेरीत, सभासदांना. औषधवाला इन्सुलिनसाठी सभासद झाला, हेडमास्तर चष्म्याच्या काचेसाठी. मग कोणी कोणाला तोंड दाखवेना. बाक रिकामा झाला. निवडणुकीत साहेब पूर्वीपेक्षा जास्त मतांनी आले, आणि खरं सांगतो, या खेपेला खोटी मतं फारशी टाकावी लागली नसतील.

बाबा अडून बसले होते. पण आईच्या कानातल्या यंत्राचा सेल संपला. बाबांनी घड्याळाचा सेल तासून बसवायचा प्रयत्न केला (सेल तासायचा नसतो, टेबल जळलं, भुवया थोडक्यात वाचल्या). आई आपली सगळ्यालाच हसून मान डोलवायची. दूध उतू चाललंय म्हणून मी ओरडलो, तरी हसली. एके दिवशी बाबा तिच्याशी बोलता बोलता मध्येच थांबले, सदरा बदलला आणि तिला घेऊन कचेरीत गेले. मीही गेलो.

तिथली रीत अशी की आधी वस्तू हातात, मग माइकवर घोषणा. बाबांनी सेल घेतला आणि घड्याळजीच्या सवयीनं, चालतोय का बघायला, तिथल्या तिथे आईच्या कानात बसवला. त्यामुळे कित्येक महिन्यांनी आईला पहिलं जे ऐकू आलं, ते 'मोठ्या साहेबांचा विजय असो', आणि तेही बाबांच्या आवाजात. "अहो, हे काय बोलताय तुम्ही?" एवढंच ती म्हणाली. माइक चालू होता. लोक खूप हसले. ताई, मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी बाबांचा हार घातलेला फोटो पेपरात आला. तो तू पाहिलास हे तुझा रविवारचा फोन यायचा बंद झाला त्यावरून कळलं. (इथून बाहेर आता फोन लागत नाही, म्हणून तिकडे येणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर हे पत्र.) रागावू नकोस असं म्हणत नाही. बाबा स्वतःवर तुझ्यापेक्षा जास्त रागावलेत.

तुझा,
धाकटा

ता. क. सेल पाठवू नकोस. मागचं पार्सल आलंच नाही. कचेरीतल्या फळीवर तुझ्या अक्षरात आपला पत्ता लिहिलेला खोका मात्र दिसला.

आणखी एक. आई सेल काढून रुमालात ठेवते आणि रविवारी तुझ्या फोनच्या वेळेला तेवढा लावून बसते. तू फोन कर. बाबा तोवर जिन्यात बसतील.

आणि शेवटचं. या सेलवरची चिकटपट्टी एकदा काढली की तो न वापरताही संपत जातो, हे आईला आम्ही सांगितलेलं नाही. नव्यासाठी बाबांना पुन्हा माइकवर उभं राहावं लागेल. तू फोन करणार असशील तर ते जातील. नाहीतर नको म्हणतात. आईला दुसरं काही ऐकायचं नाहीये.