बोंबलाचे तीन शॉट

शनिवार, संध्याकाळ

शेजारची जनाकाकू शूटिंगसाठी नवी साडी नेसून आली होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती ते वाळत घालते, तेवढंच मला कॉलेजच्या व्हिडिओसाठी हवं होतं. लांबून, मधल्या अंतरावरून, मग अगदी जवळून. दर वेळी तिला अडकवलेले बोंबील सोडवून पुन्हा लावायला लावले. बोटाला दात लागून रक्त आलं, तर मी म्हणाले, “काकू, हात हलवू नकोस.” वर फोकस छान लागला म्हणून खूश! लाज कशी वाटली नाही?

निघताना तिनं विचारलं, “माजा तोंड दिसला ना गो?” मी बेधडक हो म्हटलं.

आत्ता पाहिलं. लांबच्या शॉटमध्ये ती ठिपक्याएवढी, मधल्यात पाठमोरी, जवळच्यात नुसती बोटं. नवी साडी आहे, तोंड कुठेच नाही.

उद्या बघायला येते म्हणालीय. सुनेलाही घेऊन.