चौथीचा वर्ग नदीपलीकडे

डेटन, ओहायो
२२ फेब्रुवारी १९८७

ती. ओझेलामावशीस,
डेल्फिनचा सा. न. वि. वि.

नाताळच्या पत्रात तू लिहिलं होतंस की टॉलिव्हरबाई गेल्यापासून तुझ्या शेजारचं घर रिकामं आहे आणि त्यांचा मुलगा ते भाड्याने द्यायचं म्हणतोय. तेव्हा मी ते नुसतं वाचलं. आज ते पत्र शोधून पुन्हा वाचलं.

हर्शेल काम करतो तो कारखाना उन्हाळ्यात बंद होतोय. गाड्यांचे ब्रेक आता दक्षिणेत बनवणार, आणि ज्याला जायचं असेल त्याला तिकडच्या नव्या कारखान्यात घेणार आहेत. तो कारखाना आपल्या कॉर्बिन फेरीत आहे, मावशी. हर्शेलने गावाचं नाव घेतलं आणि मला गॅस बंद करून खुर्चीत बसावं लागलं. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, अकराव्या वर्षी बाबा मला इकडे घेऊन आले, आणि तेव्हापासून मी त्या गावात पाहुणी म्हणूनच येतेय. हर्शेलला मेपर्यंत हो किंवा नाही सांगायचंय.

पण या वेळी मी आधी शाळा बघणार आणि मग घर. जनेल नऊ वर्षांची आहे आणि तिच्या तीन शाळा झाल्या. एक बंद पडली, एक आम्ही घर बदललं म्हणून सुटली, आणि तिसरीच्या वेळी कचेरीतल्या कोणीतरी नकाशावरची शाळेच्या हद्दीची रेघ सरकवली. दर वेळी ही पोर नव्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसते आणि कुणाशी बोलायला लागेपर्यंत वर्ष संपतं. सप्टेंबरपासून ती चौथीत. तेव्हा तू माझ्यासाठी एवढं कर. टॉलिव्हरांच्या घरात राहिलो तर तिला कोणती शाळा मिळेल, ते पत्त्यावरून ठरतं की आणखी कशावरून, बदलून मागता येतं का, आणि रेघ पुन्हा सरकली तर शाळेत असलेल्या मुलांचं काय होतं, हे सगळं विचारून ये.

आणि मी तुला ओळखते. तू चर्चमध्ये विचारशील आणि झालं काम म्हणशील. तसं नको. शिक्षण कचेरीत जा.

हर्शेलचा नमस्कार, जनेलचा पापा. आहे तो लोभ राहू दे, आणि जमलं तर त्याला आता शेजारी राहायची सवय लाव.

तुझी
डेल्फिन


कॉर्बिन फेरी, नॉर्थ कॅरोलायना
८ मार्च १९८७

चि. डेल्फी हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी पोर्चवर उभ्यानेच वाचलं. मग टॉलिव्हरांच्या घराला बाहेरून एक चक्कर मारली. मागच्या दाराची जाळी फाटली आहे, बाकी घर चांगलं आहे. पीचच्या झाडाकडे कोणी बघितलेलं नाही, ते मी छाटून घेईन.

हो, चर्चमध्ये विचारलं. आधीच कबूल करते. गायकवृंदाचे झगे शिवायला आम्ही सहाजणी बसलो होतो. मी शाळेचा विषय काढला तर सहा तऱ्हेची उत्तरं आली, आणि त्यांतल्या दोघी अजून एकमेकींशी बोलत नाहीत. म्हणून मंगळवारी चांगली टोपी घालून कचेरीत गेले.

तिथे मिस व्हिटेकर म्हणून एक गोरी मुलगी आहे, तुझ्याहून लहान. तिने मला बसायला सांगितलं आणि भिंतीवरच्या नकाशावर आपली गल्ली दाखवली. मला वाटलं होतं हे पाच मिनिटांचं काम. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शाळा दिसते, मधल्या सुट्टीचा गलका ऐकू येतो. खरं सांगते, जनेल दुपारी जेवायला माझ्याकडे येईल इथपर्यंत माझं ठरून गेलं होतं.

तसं नाही, बाळ. कोर्टाचा हुकूम आहे की आपली काळी मुलं आणि गोरी मुलं एकत्र शिकली पाहिजेत, म्हणून त्यांनी दोन दोन शाळांच्या जोड्या केल्या आहेत. पहिली ते तिसरी सगळ्यांनी आपल्या इथे यायचं, चौथी ते सहावी सगळ्यांनी नदीपलीकडच्या शाळेत जायचं. त्यांची बारकी मुलं सकाळी बसमधून आपल्याकडे येतात, निम्मी झोपेत असतात. आणि आपली मोठी तिकडे जातात. जनेल चौथीत, म्हणजे ती पलीकडे जाणार. मी म्हटलं, शाळा माझ्या घरातून दिसते हो. ती म्हणाली, मिसेस पेटिफर्ड, मला कळतंय, पण नकाशाला ते दिसत नाही. मी विचारलं, बदलून मिळेल का. म्हणाली, एकाला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल. रेघ सरकणार नाही असं लिहून द्या म्हटलं, तर तिने खाली बघितलं आणि म्हणाली की या वर्षापुरतं सांगू शकते, पुढचं तिच्या साहेबांनाही माहीत नाही. मुलगी खोटं बोलली नाही, एवढं तिच्या बाजूने धरते.

तुझ्या आईची आणि माझी शाळा एकच होती. गळकी होती, पुस्तकं गोऱ्यांच्या शाळेतून उतरून आलेली, आधीच्या मुलांची नावं खोडलेली. मुलं एकत्र बसवली तेव्हा ती बंद केली. ते योग्यच झालं असं मी चारचौघांत म्हणते आणि मला ते पटतंही. तरी त्या बाजूने जाताना मी मान वर करत नाही.

आता सरळ सांगते. माझ्या शेजारी राहिलात तर पोरीला तीन वर्षं बस. पलीकडे त्या शाळेजवळ घर घेतलंत तर ती चालत जाईल. हे लिहायला माझा हात उचलत नव्हता.

हर्शेलला आशीर्वाद. माझा जीव तुमच्यात आहे, तो तुम्ही आहात तिथे जपून ठेवा.

तुझी
ओझेलामावशी


डेटन
२२ मार्च १९८७

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हर्शेल म्हणाला, बरं झालं, प्रश्न सुटला, पलीकडे घर बघू. कारखाना त्याच बाजूला आहे. मी म्हटलं, दोन राज्यं ओलांडून यायचं आणि मावशीला फक्त रविवारी भेटायचं, त्यापेक्षा इथेच बरी आहे. मग तो म्हणाला की तू गाव बघतेयस, मुलगी नाही. मी त्याला काय म्हणाले ते लिहीत नाही. दोन दिवस आम्ही मीठ दे आणि मीठ घे एवढंच बोलत होतो.

तो चुकलाय असं मला ठामपणे म्हणता येत नाही, हीच पंचाईत. मावशी, बाबांनी मला इकडे आणलं ती पहिली दोन वर्षं मी शाळेतून परत येताना रोज कोपऱ्यावर आल्यावर मान वर करून दाराकडे बघायचे. तू गाडी करून आली असशील, असं वाटायचं. एवढी वेडी होते. दर उन्हाळ्यात यायचं ठरायचं आणि काहीतरी निघायचं. मग माझी शाळा संपली, नोकरी, लग्न, पोर, आणि आता मी तुझ्या वयाकडे बघते तेव्हा घाबरते. यापेक्षा जास्त लिहीत नाही, नाहीतर तू उद्याच बसमध्ये बसशील.

दवाखान्यात माझ्यासोबत काम करणारी एक बाई म्हणते की कागदावरची शाळा आणि खरी शाळा वेगळी असते. तर आणखी एक काम. ती बस किती वेळ घेते, मुलं त्यात कशी वागतात, आणि पलीकडे आपल्या मुलांना कसं वागवतात ते बघून ये. एकटी जाऊ नकोस. आणि त्या मिस व्हिटेकरला सारखी छळू नकोस.

लोभाचं आता नव्याने काय सांगू, तो तुझ्याकडूनच शिकले.

तुझी
डेल्फिन


कॉर्बिन फेरी
५ एप्रिल १९८७

चि. डेल्फी हिस आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र वाचताना हसलीस तरी चालेल, इथे सगळं चर्च हसून झालंय.

आपल्या चर्चचे डीकन गेन्स यांची मोठी हिरवी गाडी आहे, आणि बायको गेल्यापासून त्यांना कुणी कुठे न्यायला सांगितलं की ते खूश असतात. बुधवारी सकाळी आम्ही कोपऱ्यावरून त्या पिवळ्या बसच्या मागे लागलो. ती थांबली की आम्ही थांबायचं, ती निघाली की आम्ही निघायचं. मागच्या खिडकीतून पोरं आम्हाला जीभ काढून दाखवत होती, आणि डीकन, सत्तरी ओलांडलेला माणूस, त्यांना परत जीभ दाखवत होते. पुलाच्या अलीकडे बस थांबली आणि चालवणारी बाई खाली उतरून आमच्याकडे आली. लॉटी तिचं नाव, आपल्यातलीच, पण पुलापाशी राहणारी म्हणून माझ्या ओळखीची नव्हती. तिने विचारलं, तुम्ही माझ्या मुलांच्या मागे का लागलाय. डीकननी टोपी काढून हातात धरली. मी म्हटलं, बाई, माझी नात तुझ्या बसमध्ये बसणार आहे, तू गाडी कशी चालवतेस ते बघतेय. तिने मला खालपासून वर न्याहाळलं आणि म्हणाली, मग नीट बघा. आणि खरंच, नीट चालवते. धक्का नाही, घाई नाही, आणि बाक सोडून कोणी उठलं की बस थांबवते.

आता शाळेचं. मी तिथे वाईट बघायलाच गेले होते, डेल्फी. मनातल्या मनात तुला काय लिहायचं तेही जुळवून ठेवलं होतं. पण मुख्याध्यापकांनी सगळीकडे फिरवलं. निम्मी मुलं आपली आहेत. चौथीची एक शिक्षिका आपल्या चर्चमधली बीझलीबाई निघाली. वाचनालयात ऊन येतं. गाण्याच्या वर्गात सुरात लावलेला पियानो आहे. एक गोरी आणि एक आपली अशा दोन मुली एकाच पुस्तकावरून भांडत होत्या, आणि कोणाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मी दारात जरा जास्तच वेळ उभी राहिले. तुझी आई अशा वाचनालयात बसायला हवी होती.

परत येताना शाळेच्या रस्त्यावर एक घर भाड्याने दिसलं. पुढे हिरवळ आहे, मागे अंगण आहे, स्वयंपाकघर मोठं. त्या रस्त्यावर आपलं एकच कुटुंब आहे, पण त्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या की लोक तसे ठीक आहेत. घराच्या पायरीवर उभं राहिलं की शाळेचं फाटक दिसतं. पत्ता सोबत दिला आहे.

ते घर घ्या. हर्शेल बरोबर बोलतोय, आणि त्याच्याशी मिठाच्या पलीकडे बोल. टॉलिव्हरांच्या पोराला मी सांगते की आमची माणसं येत नाहीत. मला रविवार पुरेल. चर्चनंतर इकडे यायचं, मी कॉर्नब्रेड आणि पालेभाजी करून ठेवेन, आणि अंधार पडायच्या आत पोरीला घेऊन जायचं. इतकी वर्षं तोही नव्हता.

सगळ्यांवर माझी माया आहे तशीच, नदीच्या कुठल्याही काठावर.

ओझेलामावशी


डेटन
२० एप्रिल १९८७

ती. ओझेलाआजीस,
जनेलचा सा. न. वि. वि. (हे कसं लिहायचं ते आईने शिकवलं, पण पत्र तिला दाखवलेलं नाही.)

काल ईस्टर होता. मला पिवळा फ्रॉक होता. जेवताना आईने तुझं पत्र बाबांना पुन्हा वाचून दाखवलं. बस आणि डीकनची जीभ हे ऐकून आम्ही खूप हसलो. मग बाबा म्हणाले, ठरलं तर. आई भांडी घासायला गेली. भांडी थोडीच होती पण नळ बराच वेळ चालू होता.

सगळे शाळेबद्दल बोलतात पण मला कोणी विचारलं नाही. मला बसचं काही वाटत नाही. मी आतासुद्धा बसनेच जाते. खिडकीशी बसलं की पुस्तक वाचता येतं. शाळाही नवी असली तरी चालेल, मला नव्या शाळांची माहिती आहे.

मला किल्ली आवडत नाही. ती माझ्या गळ्यात दोरीला असते आणि फ्रॉकच्या आत थंड लागते. बस सोडते, मी दार उघडते, आतून कडी लावते आणि आई येईपर्यंत कोणाला दार उघडायचं नाही. फोन आला तर आई अंघोळ करतेय असं सांगायचं. आई रोज विचारते, भीती वाटली का, मी नाही म्हणते. कारण मग तिला नोकरी सोडावी लागेल.

शाळेजवळच्या घरात राहिलो तर मी चालत येईन, पण दार मीच उघडणार ना? कारण आई तिकडेही नोकरी करणार आहे. तुझ्या शेजारच्या घरात राहिलो तर बस सोडते तिथे तू उभी राहशील का? रोज नाही जमलं तरी चालेल.

मी फक्त विचारतेय. आईला सांगायचं असेल तर सांग, पण ती रडणार नाही असं सांग.

तुझा लोभ मला माहीत आहे, फोटोत दिसतो.

तुझी
जनेल


डेटन
३ मे १९८७

ती. मावशीस सा. न. वि. वि.

पाकीट उघडलं तर आत माझ्याच मुलीचं अक्षर. तू स्वतःचा एक शब्दही घातला नव्हतास. मी ते दवाखान्यात वाचलं आणि मग पेशंटांची नावं पुकारायचं काम दुसरीला दिलं.

संध्याकाळी हर्शेलला वाचायला दिलं. त्याने वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं. मग जनेलच्या खोलीत गेला. मी दारातून बघितलं, तो तिच्या पलंगाच्या कडेला बसला होता. बाहेर आला तेव्हा म्हणाला की कामासाठी पुलावरून रोज जायचं-यायचं तर ते मी करेन, मी मोठा आहे आणि मला गाडी आहे. टॉलिव्हरांच्या मुलाला त्याने स्वतः फोन लावला, घर आम्ही घेतो म्हणून.

मी किती प्रश्न काढून दिले तुला, मावशी. रेघ कुठे आहे, कोण ठरवतं, पुढच्या वर्षी काय. सगळे बरोबर होते. पुढच्या वर्षी पुन्हा रेघ सरकली तर सरकेल, मिस व्हिटेकरला त्याबद्दल दोष देणार नाही. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. एक सांगून ठेवते, मी तुझ्या पोर्चवर येऊन बसले आणि काही बोलले नाही, तर मला बोलायला लावू नकोस.

जनेलला तू स्वतः लिही. तिने तुला विचारलंय, मला नाही.

लोभ न मागता मिळाला, त्याचीच आठवण ठेवते.

तुझी
डेल्फिन


कॉर्बिन फेरी
२४ मे १९८७

चि. जनेल हिस गोड पापा आणि अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आईला पाठवलं म्हणून रागावू नकोस. ती रडणार नाही असं मी तिला सांगितलं नाही, कारण ते माझ्या हातात नव्हतं. पण तिने सोसलं.

तू विचारलंस त्याचं उत्तर हो. तू रोज नाही जमलं तरी चालेल असं लिहिलंस. मला रोज जमेल. मी म्हातारी बाई आहे, मला दुपारी काय काम असतं.

गुरुवारी मी बस थांबते त्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. बस आली. मुलं उतरली, कोणी धावत गेलं, कोणी भांडत गेलं, एकाची वही पडली ती मी उचलून दिली. सगळी आपापल्या घरी गेली. मी उभीच. लॉटीबाईने दार उघडंच ठेवलं होतं. तिने मला ओळखलं आणि विचारलं, मिसेस पेटिफर्ड, कोणाची वाट बघताय. मी म्हटलं, माझ्या नातीची. तिने वळून मागचे सगळे बाक बघितले, झोपलेलं कोणी राहिलं नाही ना म्हणून. म्हणाली, बसमध्ये तर कोणी नाही. मी म्हटलं, ती अजून ओहायोहून आलेली नाही, ऑगस्टमध्ये येईल. तिने विचारलं, मग आजच का आलात. मी म्हटलं, या कोपऱ्यावर सावली कुठे पडते ते बघून ठेवतेय.

ती हसली नाही. म्हणाली की दुपारी सावली पोस्टाच्या पेटीच्या डाव्या अंगाला असते, आणि सप्टेंबरात ऊन कडक असतं, टोपी घालून या. मग तिने दार लावलं आणि हळूच, धक्का न देता, बस पुढे नेली.

तू खिडकीशी बसशील तेव्हा पोस्टाच्या पेटीच्या डाव्या अंगाला बघ.

तुझी
ओझेलाआजी