टँकरच्या पल्ल्यात

७ ऑक्टोबर, रविवार

चोवीस किलोमीटर पळायचं होतं, सतरा झाले. बीड बायपास ओलांडून स्टेशनच्या बाजूला निघालो होतो, लय लागली होती, आणि खिशात फोन. गफारभाई टँकरवाला. "साब, किदर है तुम? गेट पे खडा हूं मैं. पाच मिनट में नै आए तो बाजूकी सोसायटी में खाली करतूं." म्हटलं, दुपारी येणार होतास ना? "कुएं पे नंबर जल्दी लग गया. मैं क्या करूं?"

रिक्षा केली. घामानं निथळणारा सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणजे मीच, रिक्षातून उतरला आणि त्यानं हौदाचं कुलूप काढलं. किल्ली माझ्याच खिशात, कारण मागं कुणीतरी गुपचूप मोटर लावून आपली टाकी भरून घेतली तेव्हा मीच ठराव मांडला होता की किल्ली फक्त सेक्रेटरीकडं राहील. सगळ्यांनी काय टाळ्या वाजवल्या होत्या.

टँकर रिकामा होईपर्यंत शेजारी उभा. पोटऱ्या आखडल्या. उरलेले सात गेले ते गेलेच.

९ ऑक्टोबर, मंगळवार

पहाटे आठ किलोमीटर. बरे झाले. कंपनीची बस कशीबशी गाठली.

आंघोळ कंपनीत. पिशवीत साबण, टॉवेल, चड्डी. शेंद्र्याला एमआयडीसीचं पाणी, त्यामुळं गेटपासून कँटीनपर्यंत हिरवंगार लॉन, आणि त्यावर फवारे. शहराच्या टोकाला आमच्या सातारा परिसरात एवढ्या बिल्डिंगी उभ्या राहिल्या, महापालिकेची पाइपलाइन मात्र अजून बायपासच्या पलीकडंच आहे. मी फवाऱ्यांकडं बघत बसत नाही. बघितलं की दिवसभर चिडचिड होते.

दिवसभर पर्चेसचे फोन. पाठक, माल कुठाय. पाठक, रेट बघा. पाठक, सही राहिली. संध्याकाळी सोसायटी. पाठक साहेब, आमच्या नळाला धार बारीक येते.

घरी आल्यावर मेधा म्हणाली, "एवढे दमता, तर पळता कशाला?" काहीतरी तब्येतीचं सांगितलं. खरं उत्तर असं की मला एकदा सलग पाच तास पाहिजेत, ज्यात कुणी मला हाक मारणार नाही. डिसेंबरच्या मॅरेथॉनचे बेचाळीस किलोमीटर पळायला मला तेवढे लागतील. पदक दिलं तर घेईन.

१४ ऑक्टोबर, रविवार

कांबळे सर आज लेण्यांवर गेले, म्हणून एकटाच. (सर मागच्या बिल्डिंगमधले, विद्यापीठात इतिहास शिकवतात. छप्पन्न वय आणि दोन फुल मॅरेथॉन. हे लिहून ठेवतो म्हणजे मला लाज वाटत राहील.)

नवा तोडगा: घरापासून फार लांब जायचंच नाही. सोसायटी, खंडोबाच्या देवळाची कमान, नव्या स्कीमचा बोर्ड, परत सोसायटी. गोल गोल. टँ. आला तरी दहा मिनिटांत गेटवर. तेवीस झाले. मधे टँ. आलाच, कुलूप काढलं, उभा राहिलो, परत निघालो. कुत्रीसुद्धा कंटाळली, शेवटी भुंकायची थांबली.

नव्या स्कीमच्या बोर्डावर मोठ्या अक्षरात 'चोवीस तास पाणी'. आमच्याही बोर्डावर होतं. फ्लॅट बुक करताना तेच वाचून आलो होतो आम्ही.

कां. सरांना संध्याकाळी सांगितलं तर हसले. "अहो पाठक, ह्याला पळणं म्हणत न्हाईत. घाण्याला जुंपलंय तुम्हाला."

२८ ऑक्टोबर, रविवार

आजचं पळणं सोडा. टीशर्टवरून भांडण.

सोसायटीत एकाआड एक दिवस अर्धा तास पाणी, हा नियम माझा. २०४च्या जाधव वहिनी जिन्यात म्हणाल्या, "आम्ही आठवड्याला चादरी धूत न्हाई, आन् सेक्रेटरींचे टीशर्ट बरे रोज दोरीवर असतेत." हसून म्हणाल्या, पण बोलल्या. रोज नाही, दोन दिवसाला एक. आणि ते मी आंघोळीच्याच पाण्यात बुचकळतो. पण जिन्यात उभं राहून हे कुणाला समजावणार? मान हलवली आणि वर आलो.

आता टीशर्ट बेडरूममध्ये पंख्याखाली वाळतात. एकच तीन तीन दिवस घालतो. पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे. मे. म्हणाली, पलंगाच्या त्या बाजूला झोपा.

४ नोव्हेंबर, रविवार

सव्वीसचं ठरलं होतं. एकोणीसला बरगडीखाली कळ, डावा गुडघा बोलायला लागलेला, ऊन वर आलेलं. पुढच्या खांबापर्यंत, पुढच्या खांबापर्यंत, असं चाललं होतं. फोन वाजला. गफार.

खरं लिहायचं तर बरं वाटलं. गेटवर उभा राहिलो तेव्हा सगळ्यांना सांगितलं, काय करणार, टँकर आला ना. आणि नंतर परत निघालो नाही.

६ नोव्हेंबर, मंगळवार

अभ्यंगस्नान अर्ध्या बादलीत. मे.नं उटणं लावलं आणि ते निघेना. पोरीचा पुण्याहून व्हिडिओ कॉल. "बाबा, तुम्ही पिवळे दिसताय." तिला म्हटलं, हा यंदाचा रंग आहे. बऱ्याच दिवसांनी तिघंही मनापासून हसलो.

१८ नोव्हेंबर, रविवार

कां. सरांची आयडिया. टँ.च्या भीतीनं गोल फिरता ना? मग टँ.च्याच वाटेनं पळू. विहिरीपर्यंत जाऊ आणि परत. टँ. निघाला तर डोळ्यांसमोरूनच निघेल, त्यातच बसून यायचं.

डोंगराच्या पलीकडं, घरापासून पंधरा. गावाचं नाव लिहीत नाही. रस्ताभर कपाशी गुडघ्याएवढी, बोंडं मुठीत मावतील इतकी बारकी. विहिरीवर टँकरांची रांग, आणि तिच्या बाजूला हंड्यांची दुसरी रांग. विहीर खाजगी, मालक टँकरांना विकतो. एक टँकर भरून निघाला आणि दुसरा लागायचा असला की मधे हंडे.

माझी बाटली संपलेली. एका बाईनं विचारलं, "पाणी पायजे व्हय दादा?" आणि हंडा वाकवून ओंजळीत ओतलं. तीन ओंजळी प्यालो.

"कुठून आलाव असं पळत?"

"सातारा परिसरातून."

"म्हंजे हे टँकर जातेत तिकडूनच?" मी हो म्हणालो. ती काही रागावली नाही. "मंग घरीच प्याला असता की. हेच हाय," म्हणाली आणि हंडा पुढं सरकवून रांगेत उभी राहिली.

परतीचे पंधरा मी सरांच्या मागंमागंच पळालो. मला त्या बाईची लाज वाटत होती, आणि तिनं रागवायला हवं होतं असंही वाटत होतं. तीस झाले, पण मधे अर्धा तास बसलो होतो, म्हणजे सलग नाहीत. सर म्हणतात चालतंय, पाय विसरत न्हाईत. माझे पाय सगळं विसरतात.

२५ नोव्हेंबर, रविवार

ताप. पळणं नाही. टँ. दोन वेळा. पांघरूण गुंडाळून गेटवर.

२ डिसेंबर, रविवार

शेवटचं लांब पळणं. बत्तीस ठरलेले. एकोणतीसला टँ. तिथंच सोडलं.

हिशेब सरळ आहे. आजवर एकदाही सलग तीस झालेले नाहीत. दोन आठवड्यांनी बेचाळीस. सर म्हणाले, "शेवटचे दहा मन पळतंय." माझं मन शनिवारी संध्याकाळीच दमलेलं असतं, त्याचं काय करायचं?

कंपनीत गायकवाड म्हणाला, हाफ मॅरेथॉनमध्ये नाव बदलून घ्या ना, अजून देतात बदलून. रात्रभर तेच डोक्यात. नाही बदललं. हट्ट म्हणा.

१४ डिसेंबर, शुक्रवार

आज गफारभाईचा टँ. रिकामा होत असताना तो सहज म्हणाला, "साब, इतवार कू मैं नै आता."

"का रे?"

"वो दौडवालों का काम है ना. पानी के ड्रम भरने का है, रस्ता भिगाने का है. तुम भी तो दौडरे ना उसमें?" मला वाटतं त्याला कौतुकच वाटत होतं. "मैं उदरीच रहूंगा. पिलातूं तुमकू पानी."

दुसरा टँ. बघतो म्हणालो. तीन जणांना फोन केले. सोमवारच्या आधी कुणाकडंच नाही. हौदात शनिवारपुरतं आहे, फार तर रविवार सकाळचा चहा.

आणि आता हे लिहायलाच पाहिजे. दसऱ्याच्या सुमाराला धावणाऱ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, खात्रीचा टँकरवाला आहे का कुणाकडं. मी मोठ्या रुबाबात गफारचा नंबर टाकला. 'एकदम भरवशाचा माणूस, माझं नाव सांगा.' खाली दहा-बारा अंगठे आले होते. फार छान वाटलं होतं त्या दिवशी.

स्वतःच्या सोसायटीचा टँकर मी स्वतःच्या शर्यतीला देऊन बसलो. पर्चेसमध्ये पंचवीस वर्षं काढली आहेत मी.

१५ डिसेंबर, शनिवार, संध्याकाळ

पार्किंगमध्ये मीटिंग. रविवारी पाणी नाही, हे सांगितलं. का नाही, तेही सांगावं लागलं, कारण जाधव वहिनींचा भाऊ दुसऱ्या सोसायटीत राहतो, त्याला गफारनं आधीच सांगितलं होतं.

वहिनी म्हणाल्या, "म्हंजे तुम्ही पळणार, म्हणून आम्ही आंघोळी करायच्या न्हाईत?"

सगळे हसले, पण ते हसू काही माझ्या बाजूचं नव्हतं. चेअरमन लोखंडे साहेब (निवृत्त, पाटबंधारे खातं, आयुष्यभर धरणांवर) समजुतीच्या सुरात म्हणाले, "पाठक, तुम्ही इथं असलात तर काहीतरी जुळवालच. तुमच्याशिवाय हे कुणाला जमतंय? शर्यत काय, दर वर्षी असते."

दर वर्षी असते. राग आला होता, खूप. तीन वर्षं गेटवर उभा आहे मी, पावसात नाही कारण पाऊस नाही, पण उन्हात, तापात. एक रविवार मागितला तर दर वर्षी असते. पण ग्रुपवर नंबर मीच दिला होता. तो राग गिळला. आणि मी म्हणालो, "बरं. बघतो. नाही जात."

म्हणालो मी तसं. सगळ्यांनी ऐकलं.

तेव्हा मे. मागून म्हणाली, "ते जाणार आहेत. उद्या पाण्याचं मी बघते." लोखंडे साहेब म्हणाले, "अहो वहिनी, टँकरवाल्यांशी बोलणं..." तर ही म्हणते, "आठवीच्या तीन वर्गांना गणित शिकवते मी. टँकरवाले काय जास्त त्रास देणार?" जाधव वहिनीच म्हणाल्या, "मी येते तुमच्या संगं. बायपासच्या कोपऱ्याला उभं राहू, एखादा तरी थांबंलच."

वर आल्यावर ग्रुपवरच्या नंबरचं तिला सांगितलं. आधी बघत राहिली. मग इतकी हसली की पदर डोळ्यांना लावून खुर्चीत बसली. "माझं नाव सांगा," म्हणायची आणि परत हसायची. मलाही हसू आलं शेवटी. बऱ्याच दिवसांनी हलकं वाटलं.

पण जेवताना एक लक्षात आलं. उद्या कुणी बोलावणार नाही.

१६ डिसेंबर, रविवार, पहाटे

मे. माझ्या आधी उठली. चहा, दोन केळी. पाण्याच्या दोन बाटल्या तिनं कालच बाजूला काढून ठेवल्या होत्या, त्यावर माझं नाव लिहिलेली चिठ्ठी, पोरगी शाळेत जायची तेव्हा लिहायची तशी.

किल्ली दिली. फोन दिला. फोन देताना हात थांबला तो तिनं पाहिला असावा.

म्हणाली, "आता कुणाचाही येऊ दे, तुमच्यापर्यंत पोचणार नाही. अगदी हौद फुटला तरी नाही. आज थांबलात, तर ते तुम्ही थांबलात."

प्रेमानं म्हणाली. शर्टाला नंबराचा कागद लावत होती, पिना नीट टोचत. हिला कधीपासून माहीत होतं, विचारायचं धाडस झालं नाही.

ती आणि जाधव वहिनी आत्ताच खाली गेल्या. बायपासवर उभ्या राहायला.

पंधरा मिनिटं झाली, बूट घालून बसलोय. एकोणतीसच्या पुढं माझ्या पायात काय आहे ते मला माहीत नाही. टँकर कळू देत नाही असं मी म्हणत आलो. आज गफारही तिकडंच, फोन घरात नाही, सोसायटीला मी नको आहे. हे सगळं मीच मागितलं होतं. भीती वाटते, दुसरं काही नाही.

कां. सर खालून हॉर्न देतायत. दुसऱ्यांदा.

उठायला पाहिजे.