दिपमालाच्या मागे टेम्पोत

चिरंजीव निंबा यास दिंडोरीहून आईचा आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. तुझा खोकला गेला का? बिडी सोडली नसशीलच.

दिपमालाला परत घेऊन ये म्हणून तू मला पाठवलंस. पोरगी शहरातल्या लोकांना सायकलवर मळे दाखवते, गाव हसतं म्हणालास. काल मी सामानाच्या टेम्पोत बसून तिच्या मागे गेले. द्राक्षमळ्यांतून कॅनॉलकडेचा सुनसान रस्ता. पुढे तुझी लेक, मागे मोठमोठे साहेब. तिने हात वर केला की बठ्ठे गुमान थांबतात. तुझं घरात कुत्रं ऐकत नाही.

एका मळ्यात द्राक्षं बारीक, नुसत्या बिया. मी म्हटलं, "भाऊ, तुझं पीक वाया गेलं शे." तो हसला. "आजी, वाइनची द्राक्षं अशीच असतात. दिपाताईच्या आजी ना तुम्ही? बसा, चहा घ्या."

दिपमाला मागे सायकलवरून पडली होती, तिचा गुडघा सोललाय. हळद लावलीय, घोर करू नको.

तिला मी आणत नाही. आखाजीच्या सणाला माहेरी ती सायकलवरच येईल, भर गावातून. दारात भाकरतुकडा तू ओवाळायचा, सुनेने नाही.

तुझी आई,
भिकुबाई