शेवटी दादाजवळ कोण होतं?

सोमवार, १२ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार. नीट पोहोचलात ना? कंबर काय म्हणतेय? धाकटीची सर्दी गेली असेल. मी बरी आहे. घर फार मोठं वाटतं, एवढंच.

उद्यापासून कामावर जायचंय. मेट्रन म्हणाल्या, "हवं तर वॉर्ड बदलून देते." मी नको म्हटलं. गणवेशाला इस्त्री करून ठेवलीय, पण त्याच्याकडे बघवत नाही.

तुमच्या दादाचं करण्यात मी कसूर केली असं कुणी म्हणणार नाही. अंग पुसणं, कूस बदलणं, चमच्याने भरवणं. इतके दिवस माझ्याच वॉर्डात पडून होते, पण पाठीवर एक जखम होऊ दिली नाही. मी जवळ गेले की विचारायचे, "सिस्टर, आमची बायको कुठे दिसली का हो?" थट्टा काही सुटली नाही त्यांची.

निघताना तुम्ही विचारलंत, "शेवटी दादाजवळ कोण होतं?" मी म्हटलं, "मीच. हात हातात होता."

वन्सं, नव्हता.

त्या दुपारी वॉर्डात मी एकटी होते. दुसरी सिस्टर ऑपरेशनच्या पेशंटला आणायला खाली गेली होती. यांचा श्वास अडखळायला लागला. काय चाललंय ते मला कळलं होतं, म्हणून हात धरून बसले. तेवढ्यात समोरच्या खाटेवरचा सुतार गुदमरला. तोंड काळंनिळं. त्याची बायको ओरडली, "सिस्टर, धावा हो!"

यांनी माझी बोटं घट्ट धरली होती. मी ती एकेक करून सोडवली.

सुताराला कुशीवर वळवलं, घशात अडकलेला कफ मशीनने ओढून काढला, ऑक्सिजन लावला. तो वाचला. मागे वळले तर हे गेले होते. डोळे माझ्याच दिशेला, उघडे.

काल तो सुतार आपल्या पायांनी चालत घरी आला. त्याच्या बायकोने माझे हात धरले आणि ढसाढसा रडली. मी चहा केला. हसलेसुद्धा. आणि मनात सारखं येत होतं, हाच का वाचला? जन्म नर्सिंगमध्ये गेला आणि मी पेशंटचं वाईट चिंतलं.

उद्या कुणी हात पुढे केला तर मी काय करू? मला धरवणार नाही, वन्सं.

तुम्ही त्यांच्या पाठची बहीण. वाट्टेल ते बोला, पण गप्प बसू नका.

हे वाचूनही म्हणावंसं वाटलं तर,
तुमची वहिनी